तात्पुरता मदतनीस

सरकारी काम झटपट झालं की माणसाने सावध व्हावं, असं नाना पुढे ज्याला त्याला सांगत सुटले. पण ते नंतरचं. ज्या सकाळी सूनबाई दारातूनच "मंजूर झालं" म्हणत आत आली, त्या सकाळी नाना अगदी बेसावध होते. त्यांनी चष्मा पुसला, पेपरची घडी केली आणि बायकोला म्हणाले, "बघ, काळ बदललाय. लोक उगाच नावं ठेवतात."

मंजूर झालं होतं ते भिंगरीसाठी. भिंगरी म्हणजे नानांची नात. वय चारच्या आसपास, पाय जन्मापासून आखडलेले, चालणं चाकांचा वॉकर धरून. बोलतानाही तिला जीभ वळवायला वेळ लागायचा. वाक्य डोक्यात केव्हाच तयार असायचं, पण तोंडातून ते शब्दाशब्दाने, आळोखेपिळोखे देत बाहेर यायचं. भिंगरी हे नाव डॉक्टरांनी काही सांगण्याआधीच पडलं होतं. नंतर ते बदलावं असं कुणाच्या मनात आलं नाही, कारण स्वभावाला ते चपखल बसत होतं. घरातली एकही गोष्ट तिने हलवल्याशिवाय जागेवर राहिलेली नव्हती, आणि त्यात नानाही आले.

कोपऱ्यावरच्या बालवाडीत तिला इतर मुलांबरोबर बसता यावं म्हणून सूनबाईने अर्ज केला होता. सरकारची तशी योजनाच होती. अशा मुलांना वेगळं न काढता नेहमीच्याच बालवाडीत घ्यायचं, आणि त्यासाठी सरकारने दोन गोष्टी द्यायच्या. एक म्हणजे मुलाच्या मापाची, अंगाला आधार देणारी खुर्ची. दुसरी म्हणजे शाळेच्या वेळात मुलाच्या हाताशी राहणारी मदतनीस. दोन्ही मंजूर झाल्या होत्या. नाना स्वतः कचेरीत गेले, ते खरं तर आभार मानायला.

"मदतनीस मंजूर आहे," कचेरीतल्या बाई म्हणाल्या, "पण नेमलेली नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे पद आहे. माणूस नाही."

नानांची सगळी नोकरी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून झाली होती, त्यामुळे हे वाक्य त्यांना लगेच समजलं. दुसऱ्या कुणी ते तीनदा विचारलं असतं.

"मग ती येईपर्यंत नात घरी बसणार का?"

"छे, तसं कसं? नियमात सोय आहे. नेमणूक होईपर्यंत घरचं कुणी बसू शकतं. तात्पुरता मदतनीस."

घरी बैठक बसली. मुलगा फिरतीवर असायचा, सूनबाईची प्रयोगशाळेतली नोकरी सकाळची. नानांनी मोठ्या आशेने बायकोकडे पाहिलं.

"मला गुडघे आहेत," ती म्हणाली.

"मलाही आहेत."

"तुमचे निवृत्त झालेत. माझे अजून कामावर आहेत."

भिंगरी जमिनीवर बसून नानांच्या चपलेत ठोकळे भरत होती. तिने मान वर करून, वेळ घेत, एकेक शब्द जुळवत विचारलं, "आजोबा... शाळेत... येणार?" आणि नानांनी मान डोलावली. बैठकीचा ठराव एवढाच.

शेजारचे वकील संध्याकाळी मुद्दाम समजवायला आले. हे वकील कोर्टात फारसे बोलत नसत अशी त्यांची ख्याती होती. सगळं बोलणं त्यांनी शेजाऱ्यांसाठी राखून ठेवलेलं असायचं.

"नाना, तुम्ही मोठी चूक करताय. सरकारला रिकामी जागा दिसली पाहिजे. तुम्ही जाऊन बसलात की जागा भरली. मग कोण कशाला माणूस पाठवेल? तुम्ही तिथेच म्हातारे व्हाल."

"म्हातारा तर झालोच आहे."

"मग तिथेच आणखी व्हाल."

नानांनी ते हसण्यावारी नेलं. वरच्या मजल्यावरच्या काकूंचा सल्ला त्यांना जास्त पटला. काकू म्हणाल्या, "लहान मुलांत जाताय तर खिशात काही खाऊ ठेवू नका. एकदा कळलं की खिसा तुमचा राहत नाही." हा सल्ला किती मोलाचा होता, ते नाना पहिल्या तासाभरातच शिकले, कारण त्यांनी तो मानला नव्हता.

त्याआधी तब्येतीचा दाखला लागला. तात्पुरत्या मदतनिसाला मुलाला उचलता येतं की नाही, हे सरकारला कळायला हवं होतं. नाना डॉक्टरांना म्हणाले, "उभ्या आयुष्यात मी कितीतरी टन वजनं तपासली आहेत." डॉक्टर म्हणाले, "तपासली असतील. उचला." कोपऱ्यात औषधांचं एक खोकं होतं. नानांनी ते ऐटीत उचललं, दाखला मिळवला, आणि घरी येऊन कमरेला शेकायची पिशवी बांधून पडून राहिले. पण दाखल्यावर 'सक्षम' असा शब्द होता आणि तो त्यांनी बायकोला दोनदा वाचून दाखवला.

बालवाडीचा पहिला दिवस उजाडला. नाना इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट आणि निरीक्षकाचा चेहरा घालून गेले. त्यांच्या ऐन उमेदीच्या काळात ते दुकानात शिरले की दुकानदार उठून उभे राहत. इथे कुणी उठलं नाही. उलट एका मुलाने त्यांना सांगितलं की बूट बाहेर काढायचे असतात. मग बालवाडीच्या बाईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली. बालवाडीत असतात तसल्याच खुर्च्या होत्या, लाल रंगाच्या, तळहाताएवढ्या. नाना बसले तेव्हा त्यांचे गुडघे कानांशी गप्पा मारायला आले. उठताना तर खुर्ची त्यांच्याबरोबरच उठली. मुलांनी ती धरून ओढली, नाना सुटले, आणि हा खेळ पुन्हा करायचा म्हणून सगळी मुलं रांग लावून उभी राहिली.

एका फुगऱ्या गालांच्या मुलीने बराच वेळ त्यांचं निरीक्षण करून विचारलं, "तुम्ही नापास झालात का?"

"नाही. मी मदतनीस आहे."

"मग तुम्हाला नाव लिहिता येतं?"

"येतं."

"मग नापास कसे झालात?"

हे असं दर दिवशी नव्याने चालायचं. ते मात्र नानांनी सहन केलं. खरा घाव दुसरीकडून बसला, आणि तो बाईंनी घातला, तोही इतक्या हळुवारपणे की रागावायचीही सोय नव्हती.

नाना कामाला लागले होते ते झपाट्याने. भिंगरीने ठोकळ्याकडे नुसतं पाहिलं की ठोकळा तिच्या हातात. डबा उघडून, रुमाल पसरून, सफरचंदाच्या फोडी ओळीने मांडून तयार. ती एका मुलाशी भांडायला निघाली, तर नानांनी तिच्या वतीने भांडून ठेवलं. बाईंनी गोलात बसवून विचारलं, "भिंगरी, आकाशात काय दिसलं तुला काल?" आणि भिंगरीचे ओठ हलायच्या आत नाना म्हणाले, "चंद्र."

बाई म्हणाल्या, "नाना, मी तुम्हाला विचारलं नव्हतं."

नानांचे कान तापले.

"आणि आपल्या वर्गात एक नियम आहे," बाई पुढे म्हणाल्या. "भिंगरी बोलताना सगळ्यांनी थांबायचं. तिचं बोलणं येईपर्यंत वाट बघायची. हो की नाही, मुलांनो?"

मुलं म्हणाली, हो. मग सगळा वर्ग थांबला. कुणी नाक पुसत, कुणी पायाचा अंगठा धरून, पण थांबला. आणि भिंगरीने, मान तिरकी करून, पुष्कळ वेळ घेऊन सांगितलं, "विमान."

नाना घरी आले. रात्री जेवताना बायकोला म्हणाले, "चंद्रही होता काल. मी पाहिलाय." ती म्हणाली, "असेल ना. पण तिने विमान पाहिलं."

त्या दिवसापासून नाना हात पाठीमागे बांधून बसायला शिकले. फार अवघड गेलं. भिंगरीच्या हातून ठोकळा सुटला की त्यांच्या पाठीमागचे हात एकमेकांना चिमटे काढायचे. पण हळूहळू भिंगरी स्वतः डबा उघडू लागली, अर्ध्या फोडी जमिनीवर का सांडेनात. ती भांडू लागली. एकदा तिने एका मुलाला वॉकरने चेपलं आणि बाईंनी तिला इतर मुलांसारखंच रागावलं, तेव्हा नानांना रागही आला आणि बरंही वाटलं.

बसण्याचे हाल मात्र चालूच होते, भिंगरीचेही आणि नानांचेही. तिची खुर्ची यायची होती. तोवर बाई तिला भिंतीशी उशा लावून बसवत. ती घसरत घसरत आडवी व्हायची, की पुन्हा वर ओढायचं.

अशात एके दिवशी कचेरीतून खुर्चीचं माप घ्यायला एक तरुण गृहस्थ आले. भिंगरी आणि बाकी सगळी मुलं त्या वेळी बाईंबरोबर मागच्या अंगणात वाळूत होती. वर्गात नाना एकटे, लाल खुर्चीत, गुडघे कानांशी घेऊन बसलेले.

"सरकारी योजनेतलं इथे कोण?" मापवाल्याने विचारलं.

"मीच," नाना अदबीने म्हणाले. कुणीतरी आपल्या पदाची चौकशी केली याचंच त्यांना समाधान वाटलं.

मापवाल्याने त्यांच्या गुडघ्यांकडे, मग खुर्चीकडे पाहिलं. "फार त्रास होत असेल नाही बसायला?"

इतक्या दिवसांत ही चौकशी कुणीच केली नव्हती. नानांना भरून आलं. "सवय झाली आता," ते म्हणाले.

"आता नाही होणार. तुमच्यासाठी चांगली खुर्ची करून घेऊ."

सरकार शेवटी मदतनिसांचाही विचार करतं, असं नानांच्या मनात आलं. काळ खरंच बदलला होता. मापवाल्याने फीत काढली आणि नानांतला निरीक्षक जागा झाला. "फीत ढिली धरू नका. माप जास्त भरतं. हं, आता घ्या." कमरेपासून गुडघा, गुडघ्यापासून टाच, पाठ, खांदे, सगळी मापं नानांनी त्याच्याकडून पुन्हा पुन्हा घेऊन बिनचूक करवली.

"पट्टा लागेल?" मापवाल्याने विचारलं.

नानांनी आपल्या पँटकडे पाहिलं. "पट्ट्याशिवाय जमतच नाही हल्ली."

"डोक्याला आधार?"

"दुपारनंतर लागतो."

"हाताने खाता येतं का?"

"मुलांनी खाऊ दिलं तर," नाना म्हणाले. मापवाल्याने सहानुभूतीने मान हलवली आणि तो गेला.

हा सगळा संवाद नानांनी पुढे सूनबाईला जसाच्या तसा सांगितला, पण तोपर्यंत खुर्ची आलेली होती.

खुर्ची मोठ्या खोक्यातून आली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. खोकं उघडलं आणि टाळ्या हळूहळू थांबल्या. आत निळ्या गादीची, उंच पाठीची, डोक्याला दोन्ही बाजूंनी आधार असलेली, पुढे ताटासारखी फळी आणि छातीवर, कमरेवर पट्टे असलेली देखणी खुर्ची होती. भिंगरीला तिच्यात बसवलं तर ती रिकाम्या हॉलमध्ये एकटा पाहुणा बसावा तशी दिसली. तिचे पाय गादीच्या कडेपर्यंतही पोचत नव्हते.

त्या दिवशी रजा काढून न्यायला आलेल्या सूनबाईने खुर्चीभोवती एक फेरी मारली. मग नानांकडे पाहिलं.

"नाना, हे तुमचं माप आहे."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. तिने भिंगरीला कडेवर घेतलं आणि घराकडे चालू लागली. तिच्यामागून वॉकर ढकलत चालताना नानांना वाटलं, आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापातली खोट पकडली, आणि घरच्या मुलीच्या खुर्चीवर आपण स्वतः बसलो.

दुसऱ्या दिवशी ते कचेरीत गेले.

"एका मुलाला एक खुर्ची," कचेरीतल्या बाई म्हणाल्या. "आता नवी पुढच्या वर्षी."

"पण ही खुर्ची मुलाची नाही."

"मुलाच्या नावावर आहे. आणि वापरा बरं का. पडून राहिली असं दिसलं तर या शाळेला गरज नाही असा शेरा पडतो."

"बरं. मदतनीस कधी येणार?"

"तुमच्याकडे आहे ना मदतनीस."

"तो मी आहे."

"तेच म्हणते मी."

जिना उतरताना नानांना शेजारचे वकील आठवले. वकिलांचं म्हणणं खरं ठरलं, याचं दुःख त्यांना खुर्चीइतकंच झालं.

खुर्ची पडून राहू नये म्हणून बालवाडीच्या बाईंनी शेवटी सांगितलं, "नाना, तुम्हीच बसा." आणि नाना बसले. खोटं कशाला सांगायचं, खुर्ची फार उत्तम होती. पाठीला सुख, मानेला सुख. पण समोर भिंतीशी भिंगरी उशांवरून घसरताना दिसायची आणि ते सुख टोचायला लागायचं. नाना उठायचे, तिला वर घ्यायचे, पुन्हा बसायचे. भिंगरीला त्याचं काही वाटत नव्हतं. तिच्या लेखी ती खुर्ची म्हणजे गाडी होती, आजोबा गाडीत होते, आणि पट्टा लावल्याशिवाय गाडी सुटत नाही हे तिने सगळ्या वर्गाला पटवून दिलं होतं.

मग कळलं की वरच्या कचेरीतून तपासणी अधिकारी बाई येणार. हीच संधी होती. वकिलांनी एका बैठकीत नानांसाठी भाषण तयार केलं. त्याची सुरुवात 'माननीय महोदया' अशी होती आणि मधला भाग इतका जळजळीत होता की वाचताना वकील स्वतःच दोनदा थांबले. "बोलताना घाबरू नका," ते म्हणाले. नानांनी आरशासमोर सराव केला. बायकोसमोर केला. भिंगरीसमोर केला, तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुन्हा?"

पण बालवाडीत सर्दीचाही एक वर्ग चालतो. ती एका नाकातून दुसऱ्या नाकात जाते आणि कुणालाही वगळत नाही. तपासणीच्या सकाळी नाना उठले ते घसा बसूनच. तोंड उघडलं तर दाराची बिजागरी करकरावी तसा आवाज.

"आज नका जाऊ," बायको म्हणाली.

नानांनी खुणेनेच सांगितलं, आजच जायचंय.

अधिकारी बाई वेळेआधी आल्या. बालवाडीच्या बाई त्या वेळी एका मुलाचे हात धुऊन देत होत्या. गाडी नुकतीच सुटली होती. म्हणजे नाना निळ्या खुर्चीत, छातीचा पट्टा, कमरेचा पट्टा, पुढच्या फळीवर रंगीत खडू, गळ्यात कुणीतरी बांधलेला खाऊचा रुमाल, आणि बक्कल पाठीमागे. ते बक्कल मुलांना उघडता येऊ नये अशा बेताचं होतं. नानांनाही येत नव्हतं.

अधिकारी बाई दारात थांबल्या. त्यांचा चेहरा मायेने भरून आला. त्या सरळ नानांकडे आल्या, वाकल्या, आणि कानाशी मोठ्याने, सुरात म्हणाल्या, "काय करताय आजोबा? रंगवताय? वा, वा. हा कुठला रंग आहे?"

नानांनी तोंड उघडलं. 'माननीय महोदया' मधला 'मा' तेवढा बाहेर आला आणि त्याचाही शेवट खोकल्यात झाला.

"शाब्बास," अधिकारी बाई म्हणाल्या. त्यांनी नानांच्या डोक्यावरून हात फिरवला. मग धावत आलेल्या बालवाडीच्या बाईंकडे वळून, नानांच्या डोक्यावरून पलीकडे विचारलं, "यांना समजतं का सगळं?"

नानांच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसाने भल्याभल्यांचे तराजू जप्त केले, त्याला रंग ओळखायला सांगत होते. आणि सांगत होते तेही ठीक, पण 'समजतं का' हे त्याला न विचारता दुसऱ्यालाच. पट्ट्यात जखडलेल्या नानांना त्या रागातच एक गोष्ट लख्ख दिसली. भिंगरीला दवाखान्यात, दुकानात, नातेवाइकांकडे, सगळीकडे लोक हेच करतात. तिला काय हवं ते तिच्या डोक्यावरून घरच्यांना विचारतात. आणि घरचे उत्तर देतात. चंद्र म्हणून.

तेवढ्यात वॉकरची चाकं कुरकुरली. भिंगरी मुलांमधून वाट काढत खुर्चीपाशी येऊन उभी राहिली. तिने अधिकारी बाईंकडे मान तिरकी करून पाहिलं. ती बोलायला लागली तसा वर्ग सवयीने गप्प झाला.

"त्याला... विचार," ती म्हणाली. मग श्वास घेतला. "तो... हळू... बोलतो. थांब."

अधिकारी बाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. फुगऱ्या गालांच्या मुलीने त्यांचा पदर ओढला. "थांबायचं असतं," तिने दटावलं.

अधिकारी बाई थांबल्या. सगळा वर्ग नानांच्या तोंडाकडे बघत थांबला. वकिलांच्या भाषणातलं त्यांना एक अक्षर आठवेना, आणि आठवलं असतं तरी तेवढा आवाज नव्हता. त्यांनी भिंगरीकडे बोट केलं आणि मोठ्या कष्टाने, एकेक शब्द ओढून काढत म्हणाले, "खुर्ची... तिची. मी... मदतनीस."

अधिकारी बाईंनी एकदा नानांकडे पाहिलं, एकदा भिंगरीकडे, एकदा उशांकडे. त्यांचा चेहरा लाल होत गेला. मग त्या भिंगरीसमोर चक्क जमिनीवर बसल्या आणि तिलाच विचारलं, "तुला कशी खुर्ची हवी?"

पुन्हा सगळे थांबले. या वेळी जरा जास्तच वेळ लागला, कारण भिंगरीने सगळ्या पर्यायांचा विचार केला.

"लाल," ती म्हणाली. "सगळ्यांसारखी. पण... घसरायची नाही."

खुर्चीचं काम त्यानंतर आठवडाभरात मार्गी लागलं. मापवाला पुन्हा आला, या वेळी त्याने नानांपासून लांब उभं राहून भिंगरीचं माप घेतलं. निळी खुर्ची दिव्यांग मोठ्या माणसांच्या केंद्रात गेली. मदतनिसाचं मात्र एका ठिकाणी अडलं, आणि त्यासाठी नानांना कचेरीत बोलावणं आलं.

"तपासणीच्या मॅडमनी तातडीने मदतनीस द्या असा शेरा दिलाय," कचेरीतल्या बाई म्हणाल्या. "कारणही दिलंय. तात्पुरत्या मदतनिसालाच मदतीची गरज आहे. तेवढं तुम्ही कबूल केलं की झालं. असमर्थ आहे, असं लिहून सही करा."

"असमर्थ?" नानांचा आवाज परत आला होता आणि तो चढला. "माझ्याकडे सक्षम असल्याचा दाखला आहे. मी एक दिवस खाडा केला नाही. ती डबा उघडते आता. नाक पुसते. भांडते."

बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. "नाना, तुमचं काम चांगलंच आहे. पण तुम्ही सक्षम असाल, तर पद भरायचं कारण राहत नाही."

भिंतीवरचा पंखा फिरत होता. बाकावर आणखी दोघं-तिघं आपापली कामं घेऊन बसली होती आणि ऐकत नसल्यासारखं दाखवून सगळं ऐकत होती. नानांनी खिशातून पेन काढलं. 'असमर्थ' हा शब्द त्यांनी वळणदार अक्षरात लिहिला आणि खाली पूर्ण सही केली, नोकरीत महत्त्वाच्या कागदावर करायचे तशी, आडनावाखाली रेघ ओढून.

मदतनीस आली. दणकट हाडापेराची, थोडं बोलणारी तरुण बाई होती, मुलं तिला ताई म्हणू लागली. नानांनी तिला दारातच गाठून सगळं समजावलं: उजवा पाय आधी, पाणी कोमट, डबा ती स्वतः उघडते, घाई करायची नाही, पाठीला हात फक्त पायरीवर. ताईने सगळं ऐकून घेतलं, मग खाली बसून भिंगरीला विचारलं, "काय गं, हे सगळं खरं का?" भिंगरी विचार करून म्हणाली, "थोडं." दोघी आत गेल्या. भिंगरीने मागे वळून पाहिलं नाही. नाना काही वेळ फाटकाशी उभे राहिले, मग फाटक लावून घरी आले. सकाळ एवढी लांब असते हे ते विसरूनच गेले होते. पेपर दोनदा वाचला, बायकोच्या कामात लुडबूड केली आणि बोलणी खाल्ली.

शाळा सुटायच्या कितीतरी आधी ते फाटकाशी हजर होते. भिंगरी बाहेर आली, केस विस्कटलेले, गालाला निळा रंग, एक मोजा गायब. नानांच्या पोटात प्रश्नांची गर्दी झाली होती. इतके दिवस तिथलं सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत घडायचं. आज पहिल्यांदाच त्यांना काही माहीत नव्हतं.

"आज काय झालं शाळेत?" त्यांनी विचारलं.

वॉकर ढकलत भिंगरी चालत राहिली. नानांनी घाई केली नाही, वाट बघायची त्यांना चांगली सवय झाली होती. पाणपोई गेली, औषधाचं दुकान गेलं.

"काही नाही," भिंगरी म्हणाली.

"कुणाशी खेळलीस?"

"असंच."

"मोजा कुठे गेला?"

"माहीत नाही."

घरी येऊन नानांनी चप्पल काढली आणि तडक प्रयोगशाळेत फोन लावला. सूनबाई कामात होती. तिने घाबरून विचारलं, "काय झालं नाना? बरी आहे ना ती?"

"बरी आहे. मी तिला विचारलं, आज शाळेत काय झालं. तर सगळ्या मुलांसारखी म्हणाली, काही नाही."

पलीकडे यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"काय म्हणाली?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं. तिला नीट ऐकू आलं होतं, फक्त पुन्हा ऐकायचं होतं, हे नानांच्या लक्षात आलं.

"काही नाही, म्हणाली," नानांनी पुन्हा सांगितलं, या वेळी जरा सावकाश. "कुणाशी खेळलीस विचारलं, तर म्हणते, असंच."